डिपेंडन्सी इंजेक्शनला 'टोचणी' म्हणायचं का? आणि लॉगरला काय?

खर्डेघाशा
तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी ॲझ्युर फंक्शन्सवर (मायक्रोसॉफ्टची, सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा) मराठीत टिपण लिहितोय. 'लॉगिंग' (प्रोग्रॅम चालताना काय घडलं ते लिहून ठेवणं) आणि 'डिपेंडन्सी इंजेक्शन' (क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता बाहेरून देणं) इथे गाडं अडलंय. सरकारी धाटणीने गेलो तर 'अवलंबित्व अंतःक्षेपण' होतं. हे फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग कॅन्टीनमध्ये. 'टोचणी' म्हटलं तर मनाला लागलेली टोचणी आठवते. लॉगला नुसतं 'नोंद' म्हणून भागेल का? जमलं तर 'सर्व्हरलेस'चंही बघा.

पाटावरवंटा
सर्व्हरलेस = बिनसर्व्हरी. कोल्हापुरात बिनखांबी गणेश आहे, तसं. फरक इतकाच की इथे सर्व्हर असतो, फक्त आपल्या गळ्यात नसतो.

तांडेल
लॉगचं मूळ माहीत असेल तर शब्द शोधणं सोपं जाईल. लॉग म्हणजे ओंडका, अगदी शब्दशः. जहाजाचा वेग मोजायला दोरीला लाकडाची फळी बांधून मागे पाण्यात सोडायचे. दोरीवर ठरावीक अंतराने गाठी, आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईतो किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं. पुढे प्रमाण ठरलं ते 28 सेकंद आणि दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. 'नॉट' हे वेगाचं माप त्या गाठींतूनच आलं. मोजलेला वेग ज्या वहीत उतरवायचे ती लॉगबुक, आणि हळूहळू वहीतल्या सगळ्याच मजकुराला लॉग म्हणू लागले. बोटीवर असताना मीही ही वही भरली आहे. तिचा पहिला नियम असा की घडलं तेव्हाच लिहायचं, मागाहून आठवून नाही. म्हणून कुणी 'बखर' सुचवायच्या आधीच सांगतो, नको. सभासदाने बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांनी, जिंजीत बसून.

जमाखर्च
तांडेल, तुमच्या नियमात बसणारा शब्द आमच्या पेढीवर आहे: रोजकीर्द. व्यवहार झाला की त्याच दिवशी, त्याच क्रमाने उतरवायचा. एकेका नोंदीसाठी 'नोंद'च राहू दे, तिला काही झालेलं नाही. लॉग म्हणजे रोजकीर्द, लॉगिंग म्हणजे नोंद करणं, लॉगर म्हणजे कारकून.

पण खरी गंमत पुढे आहे. रोजकीर्दीवरून खतावणी करतात, म्हणजे प्रत्येक नोंद कुणाच्या तरी खात्यावर जाते. लॉगरलाही असं खातं असतं, त्याला 'कॅटेगरी' म्हणतात. फंक्शनला पॅरामीटरमधून मिळणारा आयलॉगर, म्हणजे डॉटनेटमधला लॉगर, 'फंक्शन'ने सुरू होणाऱ्या खात्यावर लिहितो. आपल्या सेवेच्या क्लासमध्ये मागवलेला, त्या क्लासच्या नावाचा आयलॉगर मात्र त्या क्लासच्या पूर्ण नावाच्या खात्यावर लिहितो. जुन्या, म्हणजे इन-प्रोसेस पद्धतीत (आपला कोड होस्टच्या, म्हणजे फंक्शन्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटातच चालतो) हे दुसरं खातं होस्टच्या गाळणीत अडकतं. नोंद होते, कुठे दिसत नाही. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे. प्रत्येक ओळीखाली दुसरी ओळ लिहून पाहिली, शेवटी कारकुनालाच शिव्या दिल्या. तो बिचारा लिहीतच होता. होस्ट जेसन या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'लॉगलेव्हल'खाली (किती महत्त्वाच्या नोंदींपासून पुढे जाऊ द्यायचं ती पातळी) आपल्या नेमस्पेसचं, म्हणजे क्लासच्या पूर्ण नावातल्या पुढच्या भागाचं, नाव आणि पुढे 'इन्फर्मेशन' लिहिलं, फंक्शन ॲप पुन्हा चढवलं, आणि नोंदी धडाधड दिसू लागल्या. त्यामुळे कॅटेगरीला 'वर्ग' किंवा 'प्रवर्ग' नको, 'खातं'च लिहा. कुठल्या खात्यावर लिहिलं हे विचारायची सवय लागली तर मुलांची ती दुपार वाचेल.

पाटावरवंटा
इन-प्रोसेसचा पाठिंबा 10 नोव्हेंबर 2026 पर्यंतच आहे. आयसोलेटेड पद्धतीत (आपला कोड होस्टबाहेर, 'वर्कर' नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो) गाळणी वेगळ्या जागी असते: ॲप्लिकेशन इनसाइट्सची (नोंदी गोळा करून दाखवणारी सेवा) लायब्ररी वर्करमध्ये बसवली की 'वॉर्निंग'च्या खालचं काही पुढे जाऊ न देणारा नियम ती आपणहून लावते. होस्ट जेसन बदलून तो हलत नाही, प्रोग्रॅम फाइलमध्येच काढावा लागतो. टिपणात हेही घाला.

कोठीवाल्या काकू
मी कोड लिहिते आणि लग्नसराईत भावाच्या केटरिंगचा हिशेबही बघते, म्हणून बोलते. 'इंजेक्शन'मधल्या सुईच्या मागे लागू नका. आचारी घरी येतो तेव्हा गहू-तांदूळ स्वतः आणत नाही. यादी देतो, आणि घरधनी कोठीतून शिधा काढून देतो. क्लासचा कन्स्ट्रक्टर म्हणजे ती यादी, कंटेनर म्हणजे कोठी. क्लास आत बसून स्वतः लॉगर 'न्यू' करू लागला तर आचारीच बाजारात गेला म्हणायचं. मग चूल कोण बघणार? शिवाय चव बघायची असेल, म्हणजे टेस्ट लिहायची असेल, तर खोटा शिधा देता येतो. माझं मत: 'शिधापुरवठा'.

जमाखर्च
शिधा म्हटलं की दानधर्म आठवतो. 'रसद' कशी वाटते?

कोठीवाल्या काकू
रसद फौजेला जाते, आणि ती तोडताही येते! शिधा शब्द मुलांच्या कानावर आहे. 2022च्या दिवाळीत 100 रुपयांत 'आनंदाचा शिधा' मिळाला तेव्हापासून तर घरोघरी.

खर्डेघाशा
शिधा घेतला. मग सर्व्हिस लाइफटाइमचे, म्हणजे कोठीतून दिलेली वस्तू किती काळ टिकते त्याचे, तीन प्रकारही स्वयंपाकघरातच बसवून पाहिले. ट्रान्झियंट म्हणजे पत्रावळ, मागाल तेव्हा नवी. स्कोप्ड म्हणजे पंगतीपुरतं भांडं: फंक्शन एकदा चाललं ती एक पंगत, उठली की भांडं मोरीत. सिंगलटन म्हणजे चूल, होस्ट जिवंत आहे तोवर प्रत्येक पंगतीला तीच.

कोठीवाल्या काकू
चूल एकच, पण एका घरात. गर्दी वाढली की फंक्शनचे इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) वाढतात, म्हणजे शेजारच्या घरात दुसरी चूल पेटते. सिंगलटनमध्ये मोजणी ठेवून 'आकडे जुळत नाहीत' म्हणणारी मुलं दर बॅचला भेटतात.

तांडेल
आणि कारकून? तो चुलीसारखा की पत्रावळीसारखा?

जमाखर्च
चुलीसारखा. आयलॉगर सिंगलटन म्हणूनच नोंदलेला असतो, आणि प्रत्येक खात्याला आपला वेगळा कारकून. सगळ्या पंगतींचं जेवण त्याच वहीत उतरतं, त्यामुळे कोण कुठल्या पंगतीला बसलं होतं ते ओळखायला नोंदीत त्या फेरीचा क्रमांक लागतो. इन्व्होकेशन आयडीला मी 'पंगत क्रमांक' म्हणतो, आता काकूंच्या कृपेने.