नात २९ आठवड्यांची: हात लावू नका म्हणतात, आणि छातीशी धरा असंही सांगतात

आजी_दांडियाबाजार:
नमस्कार मंडळी. सूनबाई २९व्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी, ११८० ग्रॅम, काचेच्या उबदार पेटीत आहे. टाळूवर मशीन ठेवून डोक्याची सोनोग्राफी केली आणि पहिल्या ग्रेडचा रक्तस्राव सांगितला. टाळू तेलाने भरायची एवढंच मला ठाऊक, तिच्यातून मेंदू दिसतो हे या वयात कळलं. मुलगा डॉक्टरांपुढे नुसती मान हलवतो आणि बाहेर आल्यावर मलाच विचारतो, म्हणून इथे लिहितेय.

सुनेला बीपी नव्हतं, तरी कळा सुरू झाल्यावर झटक्यांचं इंजेक्शन का दिलं? अंगाची आग आग झाली म्हणते. शेजारीण म्हणते, त्यानेच मुलीच्या डोक्यात रक्त उतरलं. दुसरं, सिस्टर बाळाला हात लावू देत नव्हत्या, आता म्हणतात आईने छातीशी धरून तासन्‌तास बसावं. यातलं खरं काय समजायचं?

रात्रपाळी:
काकू, मी बडोद्यातच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे. नातीचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा ग्रेडचं तिच्या डॉक्टरांचंच ऐका.

शेजारणीला चहा पाजा आणि विषय बदला. ते मॅग्नेशियम सल्फेट. औषध झटक्यांचंच, पण ३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं की बाळाच्या मेंदूसाठी आईला देतात. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या अपंगत्वाचं, प्रमाण त्याने साधारण एक तृतीयांशाने कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेचीही तशी शिफारस आहे. अंगाची आग होणं नेहमीचंच.

रक्तस्रावाचं कारण वेगळं. इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या कडेला सायीइतक्या नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पोटात राहिली असती तर ३२-३४ आठवड्यांपर्यंत ते आपोआप विरलं असतं. रक्तदाब जरा वरखाली झाला की त्यातली एखादी वाहिनी फुटते, तेही बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच. पहिली ग्रेड म्हणजे रक्त त्या कडेपुरतंच, ते सहसा जिरतं. पण पुढची सोनोग्राफी चुकवू नका, कारण मेंदूतल्या तंतूंची इजा उशिरा दिसते.

आता हाताचं. पहिले तीन दिवस आम्ही डोकं मधोमध ठेवतो, मान वळू देत नाही. डायपर बदलताना पाय वर उचलत नाही, कारण पाय उचलले की रक्त डोक्याकडे धावतं. किंचित कुशीवर करून बदलतो. नव्या मुली कधी पेटीवर बाटली ठेवतात, कधी पेटीचीच खिडकी खटकन लावतात. आत केवढा दणका बसतो! मी रागावते, पण तेही हळू आवाजात. कुरवाळणं, थोपटणं या बाळांना सोसत नाही. एक तळवा डोक्याशी आणि एक पायांशी, न हलवता, असा हात चालतो. छातीशी धरणं त्याच्याच पुढची पायरी: ऊब मिळते, श्वास आणि ठोके स्थिरावतात, आईला दूधही येतं. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटात पेट्या पुरत नव्हत्या, तिथून ही पद्धत निघाली.

जुळ्यांचा_बाबा:
आमच्या दोघी २८ आठवड्यांच्या. आता रिक्षात खिडकीवरून भांडतात. आजी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत झाली पाहिजे, घरी जाण्याआधी ऐकण्याचीही करून घ्या. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण मान धरणं, बसणं बाळंतपणाच्या ठरलेल्या मूळ तारखेपासून मोजा, नाहीतर प्रत्येक पाहुणा ‘अजून बसत नाही?’ म्हणून सुनेला रडवेल. घरी आल्यावर ओव्याची धुरी, शेगडी अजिबात नको. त्या फुप्फुसांना धूर झेपत नाही. आमच्या आत्याबाईंना हे पटवताना माझी पुरती वाट लागली होती.

आजी_दांडियाबाजार:
सुनेला आज बसवलं. पोरगी बिलगून गाढ झोपली. तेलाची वाटी मी कपाटात ठेवली हो. आता दोन गोष्टी. मला धरता येईल का? आणि व्याही नवरात्रात बारसं करू म्हणतात. आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, गरब्याचे भोंगे खिडकीलाच असतात.

रात्रपाळी:
धरा ना! आजी, बाबा, कोणीही. अंघोळ करून, पुढून उघडणारा ब्लाउज घालून या, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र नको. बारसं नवरात्र उलटल्यावर, घरातल्या घरात. व्याह्यांना डॉक्टरांचं नाव सांगा, तुमच्यावर येणार नाही.