मदत हवी आहे : लेबनॉनमधले पॅलेस्टिनी निर्वासित

नमस्कार मंडळी. १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. जॉर्डनने आपल्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांना नागरिकत्व दिलं, लेबनॉनमध्ये मात्र तिसऱ्या-चौथ्या पिढीतलेही बहुतेक जण नागरिकत्वाविना राहिले, आणि अनेक जण अजून छावण्यांतच. असं का, हे मला नीट समजून घ्यायचंय.

लेबनॉनमध्ये सत्तेची वाटणी धर्म-पंथांनुसार होते आणि शेवटची अधिकृत जनगणना १९३२ची! बहुसंख्य निर्वासित सुन्नी, त्यामुळे त्यांना नागरिक केलं तर समतोल बिघडेल, ही भीती कळते. पण ‘नागरिकत्व दिलं तर मायदेशी परतण्याचा हक्क बुडेल’ असंही अरब नेते सांगत. यातलं खरं कारण कोणतं आणि सबब कोणती?

दुसरं म्हणजे, लेबनॉन आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९६९च्या कैरो कराराने छावण्यांचा ताबा पॅलेस्टिनी संघटनांकडे गेला, पुढच्याच वर्षी जॉर्डनमध्ये ‘ब्लॅक सप्टेंबर’ (जॉर्डनचं सैन्य आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यातला संघर्ष) घडला आणि तिथले लढवय्ये बैरूतकडे सरकले. १९७५ला लेबनॉनमध्ये सुरू झालेल्या यादवीचा दोष सरसकट याच निर्वासितांवर टाकला जातो, ते मला अन्यायाचं वाटतं. १९८२मध्ये बैरूतमधल्या साब्रा वस्तीत आणि शातिला छावणीत झालेल्या हत्याकांडात मारले गेले ते बहुतांशी निःशस्त्र लोक होते.

यावर मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत काय वाचावं? शक्यतो छावणीत वाढलेल्यांच्या आठवणी सुचवा. आखातात नोकरीला असताना कुणाचे पॅलेस्टिनी सहकारी असतील, तर त्यांच्याकडून ऐकलेलंही जरूर लिहा.