लोन बाकी असलेली गाडी विकायची: आधी लोन फेडायचं की गिऱ्हाइकाच्या पैशातून?

वाकडकर
गाडी २०२१ ची पेट्रोल, ओळखीतल्याच एकाशी साडेपाच लाखाला बोलणं झालंय. लोन बाकी पावणेतीनच्या आसपास. तो म्हणतोय सगळे पैसे तुला देतो, तू लोन भर, एनओसी (बँकेचा ना-हरकत दाखला) आली की नावावर करून दे. माझं मत विचाराल तर बोजा (गाडीवर बँकेच्या कर्जाची नोंद) असताना गाडी विकायला काढूच नये. इकडून तिकडून पैसे उभे करा, लोन बंद करा, आरसीवरून बँकेचं नाव उतरवा आणि मग गिऱ्हाईक शोधा. उगाच दुसऱ्याचे पैसे अंगावर कशाला घ्यायचे.

अनु_डोंबिवली
इकडून तिकडून म्हणजे कुठून हो दादा? पर्सनल लोन काढून कार लोन फेडणार? त्याचं व्याज जास्त, प्रोसेसिंग फी वेगळी. आणि फिक्स्ड रेट असेल तर बहुतेक बँका फोरक्लोजर चार्ज (लोन मुदतीआधी फेडल्याचा आकार) लावतात, त्यावर जीएसटी, तो तर कुठल्याही मार्गाने गेलात तरी सुटत नाही. सरळ बँकेकडून फोरक्लोजर लेटर काढा, त्यात अमुक तारखेपर्यंत किती भरायचे आणि पुढे रोजचं व्याज किती ते लिहिलेलं असतं. तेवढी रक्कम घेणाऱ्याने थेट तुमच्या लोन अकाउंटला आरटीजीएस करायची. तुमच्या हातात एक रुपया येत नाही, मग अंगावर काय येणार?

सातारी_कंदी
एवढा व्याप कशाला. आमच्याकडे सगळे चालू हप्त्यावर गाड्या देतात. वरचे पैसे घ्या, पुढचे हप्ते तो भरेल, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, विषय संपला.

आरटीओ_बाहेरचा_झेरॉक्सवाला
@सातारी_कंदी विषय तिथून सुरू होतो भाऊ. मोटार वाहन कायद्यात कलम ५१ आहे, फायनान्सवाल्याची संमती नसेल तर आरटीओ मालकाचं नाव बदलत नाही, नोटरी कितीची का असेना. त्याने दोन हप्ते चुकवले की वसुलीवाले तुमच्या दारात आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) तुमचा खराब. आणि गाडीने कुणाला उडवलं तर? सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल वाचा, गाडी पुढे तीन-चार हातात गेली होती पण आरसीवर नाव पहिल्याचंच, भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

सातारी_कंदी
अहो पण इथे शंभरातले नव्वद असंच करतात, कुणाचं काय वाकडं झालं? इन्शुरन्स असतोच की.

आरटीओ_बाहेरचा_झेरॉक्सवाला
तो थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता असतो. गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर कंपनी विचारणार पॉलिसी कुणाच्या नावावर, गाडी कुणाची, मग बसा दोघं एकमेकांकडे बघत.

घेणाऱ्याच्या_बाजूने
सगळे विकणाऱ्याचीच काळजी करताय. @अनु_डोंबिवली तुमची पद्धत मला अर्धीच पटली. मी पावणेतीन लाख बँकेत भरले, लोन मिटलं, आणि त्याच बँकेचं याचं क्रेडिट कार्ड थकलेलं निघालं म्हणून एनओसी अडकली तर? माझ्या चुलतभावाचं झालंय असं, पैसे गेले होते आणि गाडी त्या माणसाच्या पार्किंगमध्ये उभी. त्यामुळे दुसरं काही येणं नाही हे बँकेकडून आधी मेलवर लिहून घ्या, मगच ट्रान्सफर. आणि करारात लिहा की अमुक तारखेपर्यंत एनओसी नाही आली तर पैसे परत.

अनु_डोंबिवली
हे मान्य. पण मग गाडीचा ताबाही नाव बदलल्याशिवाय मागायचा नाही हं. दोन्ही बाजूंनी फायदा नको.

घेणाऱ्याच्या_बाजूने
म्हणजे अर्धे पैसे भरून मी रिक्षाने फिरू?

पिंपरी_टर्बो
भांडताय कशाला, डीलरला द्या. १ एप्रिल २०२३ पासून नियम आलाय, नोंदणी असलेल्या डीलरला गाडी दिली आणि २९सी फॉर्म (गाडी डीलरकडे दिल्याची नोंद) आरटीओच्या पोर्टलवर भरला की पुढे नाव बदलेपर्यंतची जबाबदारी त्याची. लोन पण तेच फेडतात. भाव कमी मिळतो हे खरं, पण झोप लागते. फक्त त्याचं नोंदणी प्रमाणपत्र बघा, हायवेला झेंडे लावून बसलेल्या प्रत्येकाकडे असेलच असं नाही.

वाकडकर
डीलरने पावणेपाच सांगितलेत, पाऊण लाखाची झोप मला परवडत नाही. अनुताईंची पद्धत करून बघतो, पण ताबा मात्र नाव बदलल्यावरच, तो रिक्षाने फिरो नाहीतर पीएमपीने. कागद काय काय लागतील?

आरटीओ_बाहेरचा_झेरॉक्सवाला
बँकेकडून एनओसी आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती सही-शिक्क्यासकट, शिक्का पुसट असेल तर तिथेच परत मारून घ्या. एनओसीला मुदत असते, कपाटात ठेवू नका. बरोबर नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो, गाडी धुतल्यावर घ्या नाहीतर नुसता काळा डाग उठतो. बोजा उतरवणं आणि नाव बदलणं एकदमच टाका. ई-चलन बाकी असेल तर आधी भरा. उरलेले पैसे बँकेतूनच घ्या, दोन लाख किंवा वर रोख घेतली तर आयकरवाले तेवढाच दंड लावू शकतात. एनसीबी (इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस) तुमचा आहे, सर्टिफिकेट काढून घ्या. आणि फास्टॅग बंद करा, नाहीतर तो लोणावळ्याला जाणार आणि मेसेज तुम्हाला येणार.