ऊन बघू नका, माती बघा

वर कुणीतरी म्हटलंय की दुपारी ऊन चटकायला लागलं, आता टोमॅटो-मिरचीचं बी टाकायला हरकत नाही. अर्धंच पटलं. हवा तापते तितक्या लवकर माती तापत नाही. टोमॅटोचं बी २५ अंशांच्या मातीत आठवडाभरात वर येतं, तेच १० अंशांना महिना उलटला तरी रेंगाळतं आणि तोवर गार ओलीत बरंचसं कुजून जातं. मिरची तर याहून हट्टी. मी सकाळी उठल्यावर कुंडीत काडीने दोन पेरं खोल भोक पाडते आणि त्यात थर्मामीटर सोडते (ताप मोजायचा नव्हे!). भोक न पाडता खुपसलेला पहिला थर्मामीटर तिथेच मोडला होता. पारा १८च्या खाली दिसला की मिरचीचं पाकीट परत डब्यात. वाटाणा, पालक, मुळा यांना थंडीचं वावडं नाही, ते खुशाल पेरा.

आणि जुनं बी सरसकट फेकून द्यायचा सल्ला काही मला मान्य नाही. दहा दाणे ओल्या टिश्यूत गुंडाळून, डब्यात घालून उबदार जागी ठेवा. गेल्या वर्षी माझ्याकडच्या तीन वर्षं जुन्या टोमॅटोच्या दहा दाण्यांतून आठ रुजले, तेवढ्याच जुन्या कांद्याचा जेमतेम एक. कांद्याचं बी फार लवकर दम सोडतं, ते मात्र दरवर्षी ताजंच घ्या.