जुनी लुगडी: जपायची की नेसायची?

आजीची लुगडी ट्रंकेत जपून ठेवावीत की नेसावीत, असं वर विचारलंय. मी नेसणाऱ्यांतली! गेली तीस वर्षं जुनी लुगडी गोळा करतेय आणि सणावारी तीच नेसते.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे आजीची इरकल. अंग सुती, पदर लाल रेशमी. पदर सुरू होतो तिथे बोट फिरवून बघा, बारीकशी गाठाळ रेघ हाताला लागते. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे तिथे एकेक फास घालून अडकवलेले असतात. 'टोप तेणी' म्हणतात त्याला. जुनं लुगडं बहुतेक वेळा तिथेच आधी विरतं, म्हणून त्या जागी पिन अजिबात लावू नका.

जरीच्या लुगड्यांची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर घडीवर चिरतात. मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. जुनी जर म्हणजे सोन्याचं पाणी दिलेली चांदीची तार. त्या चांदीपायी कितीतरी पैठण्या, शालू जाळले गेले. आमच्याच घरातली एक चंद्रकळा बोहारणीकडे गेली, बदल्यात एक पातेलं आलं. काळ्याभोर अंगावरचे ते लाल काठ अजून डोळ्यांसमोर आहेत. देण्याआधी घरातल्या पोरींना एकदा तरी विचारा हो.