प्रतिसाद: वजन तळाला टाकलं म्हणजे झालं?

वर कुणी म्हटलंय की वजन जितकं खाली, तितकं जहाज स्थिर. अर्धंच खरं आहे. आमच्या परभणीकडं कडब्याची गाडी उंच रचली की कलंडते, हे पोरासोरांनाही कळतं. पण जहाजात वजन फारच खाली गेलं तर ते कललं की झटक्यानं सरळ होतं. माणसं आपटतात, माल सुटतो. म्हणून लोहखनिज नेणाऱ्या जहाजांत मुद्दाम मालाच्या कोठाराचा तळ उंच ठेवून खनिज थोडं वर भरतात!

मला सगळ्यात आवडते ती जर्मन अभियंता फ्राम यांची १९१० च्या सुमाराची, डोलणं आवरायची युक्ती: इंग्रजी 'यू' आकाराची पाण्याची टाकी. जहाज डोलतं तसं आतलं पाणी या कडेवरून त्या कडेला जातं, पण जरा मागं राहून. मग त्याचं वजन डोलण्याच्या उलट पडतं. डोलणं आवरायला जहाजाच्या बाजूंना लावलेले पंखांसारखे स्टॅबिलायझर वेग असेल तरच नीट चालतात, ही टाकी थांबलेल्या जहाजातही चालते. मात्र माप चुकलं तर तेच हिंदकळणारं पाणी जहाजाला आणखी कलवतं. (अर्धी भरलेली घागर डोक्यावर घेऊन बघा.)

नॉर्वेच्या उल्स्टाइन या जहाजं बांधणाऱ्या कंपनीचा 'एक्स-बो', म्हणजे मागं कललेली नाळ (जहाजाचं पुढचं टोक), लाटांवरचा आपटा कमी करतो, डोलणं नव्हे. ते दोन वेगळे प्रश्न.