गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, फिजिओथेरपीबद्दल मदत हवी आहे (ठाणे)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी विचारते आहे. वय ६१, आम्ही वर्तकनगरला राहतो. बाबा रोज पहाटे उपवन तलावाला फेऱ्या मारायचे. पावसाळा संपल्यावर मित्रांबरोबर येऊरचा चढ सुरू केला आणि महिन्याभरात उजवा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखायला लागला.

दुखण्याची तऱ्हा नीट लिहिते, कारण खरी गोम तिथेच आहे असं मला वाटतं. चढताना काहीच होत नाही. उतरताना थोडं अंतर गेलं की बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर जळजळल्यासारखी कळ येते. जागा एका बोटाने दाखवतात. थांबलं की कमी होते, चालायला लागलं की पुन्हा सुरू. जिना उतरतानाही तेच. सूज नाही, गुडघा अडकत नाही.

एक्स-रेमध्ये थोडी झीज दिसली, पण ती आतल्या बाजूला. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासून आयटी बँडचा (मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या पट्ट्याचा) त्रास सांगितला आणि फिजिओथेरपी लिहून दिली. घराजवळच्या क्लिनिकमध्ये अल्ट्रासाऊंडचं आणि आयएफटीचं (सौम्य विजेच्या प्रवाहाचं) अशी दुखणं कमी करणारी मशीन लावतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे. व्यायाम एकच दिलाय, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची. बाबांना एका पायावर उभं करून किंवा चालवून कोणी पाहिलेलं नाही.

सोसायटीत जो तो सांगतो, झीज आहे, चालणं बंद करा. पण बाबांना मधुमेह आहे. चालणं सुटलं की साखर वर जाते आणि माणूस खचतो. त्यांचं चालणं मला काहीही करून टिकवायचं आहे.

मशीनचे सिटिंग्ज चालू ठेवावेत का? चालायचं तर किती? आणि चांगला फिजिओ ओळखायचा कसा? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं वर्णन डॉक्टरांच्या निदानाशी जुळतं.

आयटी बँड म्हणजे कमरेच्या बाजूपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली नडगीच्या हाडापर्यंत जाणारा जाड पट्टा. गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो तेव्हा त्या उंचवट्यावर पट्ट्याचा दाब पडतो. उतारावर प्रत्येक पावलाला हे होतं, म्हणून त्रास उतरताना होतो, चढताना नाही. पूर्वी याला घर्षण म्हणत. आता पट्ट्याखालचा चरबीचा थर चेपला जातो, असं बरेच जण मानतात.

मशीनने कळ तात्पुरती शमते, ताकद येत नाही. नितंबाच्या बाजूचे स्नायू कमजोर असतील तर पाऊल टाकताना मांडी आत झुकते आणि पट्टा ताणला जातो. म्हणून तपासणी कमरेपासून हवी. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलणं ही सुरुवात. नंतर पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून कमरेची दुसरी बाजू खाली-वर करणं, आणि कळ शमल्यावर बुटक्या पायरीवरून हळू उतरण्याचा सराव. नियमित केलं तर बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांत चांगला फरक पडतो. फोम रोलर दुखऱ्या जागेवर फिरवू नका. पट्टा त्याने लांब होत नाही, उलट जागा चिडते.

चालणं बंद नको. तलावाभोवती सपाटीवर, पावलं छोटी, आणि कळ सुरू होण्याआधी थांबायचं. येऊर सध्या नकोच. पुढे सुरू कराल तेव्हा चढून जा आणि खाली गाडीने या.

मधुमेहामुळे दोन गोष्टी सांभाळा. कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर साखर काही दिवस वाढू शकते, आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारा. पायाची संवेदना कमी असेल तर गरम शेकाने भाजलेलं कळत नाही.

फिजिओ निवडताना बीपीटी किंवा एमपीटी पदवी आणि राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलची नोंदणी पाहा. पहिल्या भेटीत चालवून न पाहता थेट मशीन लावलं तर दुसरीकडे जा. सूज आली, गुडघा अडकला, रात्री दुखून जाग आली किंवा कळ कमरेतून खाली उतरू लागली तर ऑर्थोपेडिककडे परत दाखवा.

प्रतिसाद २

खारघरच्या टेकडीवर धावताना मला हाच त्रास झाला होता. व्यायामाने गेला, पण बरं वाटल्यावर व्यायाम सोडला तसा परत आला. काकांना सांगा, दुखणं थांबलं तरी व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. चालणं सुटणार नाही हे ऐकून त्यांना धीर आला. आत्ता कुशीवर पाय उचलायला सांगितलं तर उजवा पाय चार-पाच वेळातच थरथरायला लागला, डावा व्यवस्थित उचलला. एक शंका राहिली: रात्री दुखऱ्या कुशीवर झोपलं तर चालेल का, की पायांत उशी घ्यावी? आणि वर्तकनगर ते नौपाड्यापर्यंत असं नीट तपासणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.